पर्लमध्ये ‘माय’ केव्हा आणि ‘अवर’ केव्हा

‘यूज स्ट्रिक्ट’ (व्हेरिएबल आधी घोषित करण्याची सक्ती करणारी ओळ) असलेली पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतील स्क्रिप्ट ‘ग्लोबल सिम्बॉल रिक्वायर्स एक्स्प्लिसिट पॅकेज नेम’ असे सांगून थांबली, की व्हेरिएबलच्या आधी ‘माय’ (my) लिहिले काय किंवा ‘अवर’ (our) लिहिले काय, तक्रार मिटते. त्यामुळे दोन्ही शब्दांचे काम एकच असावे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ‘माय’ नवे व्हेरिएबल तयार करतो आणि ते ज्या महिरपी कंसात घोषित झाले, तेवढ्यापुरतेच ओळखले जाते. २००० साली ५.६ आवृत्तीत आलेला ‘अवर’ मात्र स्वतंत्र व्हेरिएबल देत नाही. पॅकेजच्या, म्हणजे नावांच्या एका स्वतंत्र गटाच्या, सामाईक व्हेरिएबलला पूर्ण नावाऐवजी आखूड नावाने वापरण्याची मुभा तो त्या कंसापुरती देतो.

समजा, फाइलच्या ओळी वाचणाऱ्या लूपच्या आत ‘माय $बेरीज’ लिहिले आणि लूप संपल्यावर $बेरीज छापायला घेतली. (‘यूज युटीएफ८’ लिहिल्यास पर्लला अशी मराठी नावेही चालतात.) त्रुटी छापण्याच्या ओळीवर दाखवली जाते, म्हणून घाईत तिथेच ‘माय’ जोडला, तर दुसरेच रिकामे व्हेरिएबल तयार होते, ‘अवर’ जोडला, तर ज्यात कोणी काही साठवलेलेच नाही असे पॅकेजचे व्हेरिएबल हाती येते. स्क्रिप्ट चालू लागते, पण बेरीज छापली जात नाही, आणि ही अवस्था मूळ त्रुटीपेक्षा वाईट आहे, कारण ‘यूज वॉर्निंग्ज’ नसेल तर चूक झाल्याचे कळतही नाही. खरा उपाय ‘माय $बेरीज = ०’ ही घोषणा लूपच्या आधी नेण्याचा आहे; शून्याचा अंक तेवढा इंग्रजीत लिहावा.

‘अवर’ची खरी गरज मॉड्यूलमध्ये, म्हणजे इतर स्क्रिप्टना वापरता येणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये, पडते. एक्स्पोर्टर हे मॉड्यूल इतरांना देता येणाऱ्या नावांची @एक्स्पोर्ट_ओके (@EXPORT_OK) ही यादी पॅकेजमध्ये शोधते; ती ‘माय’ने घोषित केली तर त्याला सापडतच नाही. एरवी ‘माय’च वापरावा.

अर्थात, यांपैकी काहीही लिहिण्याआधी नावाचे स्पेलिंग आणि त्रुटीत नावाआधी आलेले चिन्ह ($ की @) पाहावे. ‘माय $नावे’ अशी घोषणा असूनही $नावे[०] लिहिल्यावर पर्ल @नावे अघोषित असल्याचे सांगतो, कारण चौकोनी कंस आला की तो घटक @नावे या अ‍ॅरेचा (यादीचा) मानला जातो. $नावे हा अ‍ॅरेचा रेफरन्स, म्हणजे त्याकडे निर्देश करणारे मूल्य, असेल, तर $नावे->[०] असा बाण घालावा लागतो. घोषणेला हात लावण्याचे कारण नसते.