जहाजावरील बर्फाचे रिंक: २०१४ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ठाणे आणि नवी मुंबईतून सिंगापूरच्या क्रूझ सहलींची चौकशी करणाऱ्या कुटुंबांकडून, विशेषतः मुले बरोबर असतील तर, एक प्रश्न हमखास विचारला जातो: जहाजावर बर्फावरचे स्केटिंग आहे का? दहा-बारा वर्षांपूर्वी त्या बंदरातून प्रवास केलेल्या अनेकांना ते अनुभवता आले होते. पुढे त्याच, म्हणजे रॉयल कॅरिबियन कंपनीच्या, अधिक नव्या आणि आकाराने अधिक मोठ्या जहाजावरून गेलेल्यांना मात्र त्याऐवजी चाकांचे स्केट्स हाती देण्यात आले. या फरकाचे मूळ नव्या जहाजावर बर्फाचे रिंक, म्हणजे स्केटिंगचे मैदान, न ठेवण्याच्या २०१४ मधील निर्णयात आहे, आणि तो निर्णय समजून घ्यायचा तर जहाजावर बर्फ आला कसा, हे आधी पाहावे लागते.

यंत्राने गोठवलेले पहिले रिंक जानेवारी १८७६ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात सुरू झाले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील मांस गोठवून जहाजाने इंग्लंडला कसे आणता येईल, याचे प्रयोग करताना एका पशुवैद्यकाला नळ्यांतून थंड द्रव फिरवून वरचे पाणी गोठवण्याची ही पद्धत सापडली. तुर्भ्याच्या शीतगृहांत किंवा न्हावा शेवा बंदरातील रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये आज जे काम चालते, त्याच कुळातले हे तंत्र आहे, आणि त्याचा जन्मच सागरी मालवाहतुकीच्या गरजेतून झाला, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच वर्षी टेम्स नदीवर चेरिंग क्रॉसजवळ सुमारे ११५ फूट लांब आणि २५ फूट रुंद असे तरंगते रिंकही उघडण्यात आले. खर्च आणि बर्फावरून सतत उठणारे धुके यांमुळे १८७८ च्या मध्यापर्यंत ही सर्व रिंक बंद पडली. पाण्यावरील पहिल्या रिंकचा मान कोणाचा, हा वाद घालायचा असेल तर टेम्सवरचा हा प्रयोग विसरून चालणार नाही. मात्र ते रिंक नदीत एका जागी बांधलेले होते आणि त्याला समुद्राच्या लाटांशी सामना करावा लागला नव्हता.

बर्फावरील मनोरंजनाचे कार्यक्रम हा मुख्यतः १९३० आणि १९४० च्या दशकांतील अमेरिकेचा वारसा आहे. मोठ्या बंदिस्त मैदानांतून फिरणाऱ्या भव्य कार्यक्रमांची नावे सर्वांना माहीत असतात. जहाजाच्या दृष्टीने त्यांच्यापेक्षा महत्त्वाचे ठरले ते न्यूयॉर्क आणि शिकागोच्या बड्या हॉटेलांच्या भोजनगृहांत होणारे छोटे कार्यक्रम. तेथे जेवणाच्या टेबलांच्या मधोमध बर्फाचा लहानसा चौक असे, आणि काही ठिकाणी नृत्याची लाकडी फरशी सरकवून तो उघडला जाई. चार पावलांच्या धावेत उडी मारायची, प्रेक्षकांपासून हातभर अंतरावर थांबायचे आणि तरीही ते सहज दिसले पाहिजे, ही कसरत कलाकारांनी तिथे आत्मसात केली. पुढे कुठेही नेऊन जोडता येणारी फिरती रिंक आल्यावर बर्फ आणि इमारत यांचे नाते सैल झाले.

प्रत्यक्ष समुद्रात फिरणाऱ्या क्रूझवर बर्फाचे रिंक आले ते १९९९ मध्ये. फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेले ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ हे सुमारे १ लाख ३७ हजार ग्रॉस टनांचे (हे जहाजाच्या अंतर्गत आकारमानाचे माप) जहाज त्या वर्षी सेवेत आले आणि त्याच्या पोटात, अगदी खालच्या प्रवासी मजल्यांपैकी एकावर, रिंक आणि त्याभोवती बैठकांचे प्रेक्षागृह होते. ही जागा विचारपूर्वक निवडलेली होती. जहाज जेव्हा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलते किंवा त्याचे नाक वर-खाली होते, तेव्हा सर्वांत कमी हालचाल मध्यभागी आणि खालच्या भागात होते. तेच रिंक वरच्या डेकवर असते, तर किंचित कलतानाही बर्फाचा उतार झाला असता. नळ्यांच्या जाळ्यातून थंड द्रव फिरवायचा, त्यावर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवायचे, आणि खालच्या पोलादात थंडी उतरून दव धरू नये म्हणून मध्ये जाड उष्णतारोधक थर घालायचा, अशी ही रचना असते. जहाजाच्या तरणतलावातील पाणी हेलकावते. हे पाणी गोठलेले असल्याने निदान ती काळजी उरत नाही.

या पठडीतील रिंकचे आकारमान साधारण ४० फूट बाय ६० फूट असते, म्हणजे ६० मीटर बाय ३० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या रिंकचा जेमतेम आठवा हिस्सा. छतही उंच नसते. जोडीदाराला डोक्यावर उचलताना दिव्यांचा अंदाज ठेवावा लागतो, आणि उडी मारलेला कलाकार हवेत असताना खालचे जहाज थोडे सरकलेले किंवा खचलेले असू शकते. समुद्र खवळला की अवघड उड्या गाळल्या जातात आणि प्रसंगी संपूर्ण कार्यक्रम रद्द होतो. दिवसा हेच रिंक प्रवाशांसाठी ठरावीक वेळांत खुले असते. पायाच्या मापाचे स्केट्स आणि हेल्मेट तिथेच मिळते. पूर्ण लांबीची पँट आणि मोजे मात्र स्वतःचे लागतात, आणि बर्म्युडा घालून रांगेत उभे राहिलेल्यांना केबिनपर्यंत परत जावे लागते. कठड्याला दोन्ही हातांनी धरून कडेकडेने सरकणारे आई-वडील आणि दहा मिनिटांत मध्यावर पोहोचलेली मुले, हे दृश्य प्रत्येक सत्रात असते.

पुढील दशकात ही कल्पना रुळली. २००३ पर्यंत त्याच वर्गातील, म्हणजे एकाच मूळ आराखड्यावर बांधलेली, पाच जहाजे झाली, २००६ ते २००८ या काळात थोड्या मोठ्या आकाराची आणखी तीन आली, आणि २००९ पासूनच्या अतिप्रचंड जहाजांवरही रिंक कायम राहिले. २०१२ मध्ये सिंगापूरला मोठ्या जहाजांसाठी नवे टर्मिनल सुरू झाल्यानंतर पहिल्या वर्गातील जहाजे तिथून नियमित फिरू लागली, आणि मुंबई परिसरातील मराठी कुटुंबांची जहाजावरील बर्फाशी ओळख बहुतांशी या टप्प्यावर झाली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सेवेत आलेल्या ‘क्वांटम ऑफ द सीज’ या सुमारे १ लाख ६८ हजार ग्रॉस टनांच्या जहाजावर मात्र रिंक नव्हते. जहाज पहिल्यापेक्षा मोठे असल्याने जागेच्या अभावाचे कारण देता येत नव्हते. त्याऐवजी वरच्या मजल्यावर एक बंदिस्त क्रीडागृह आले, जिथे एकाच फरशीवर कधी बास्केटबॉल, कधी चाकांचे स्केटिंग आणि कधी एकमेकांवर आपटणाऱ्या बंपर गाड्या चालवता येतात.

निर्णयाच्या बाजूने बरेच बोलता येते. उष्ण कटिबंधातील समुद्रात बर्फ टिकवणारी यंत्रणा रात्रंदिवस चालवावी लागते. स्केटिंगच्या कलाकारांचा स्वतंत्र चमू ठेवायचा, त्यांना केबिन द्यायच्या, त्यांच्या सरावासाठी रिंक राखून ठेवायचे, आणि एवढे करून एका वेळी मोजकेच प्रवासी बर्फावर उतरू शकतात. उलट क्रीडागृहाची फरशी सकाळपासून रात्रीपर्यंत वापरात राहते. हिशेबाच्या वहीत हा युक्तिवाद खोडणे अवघड आहे.

तरीही त्यात एक मोठी उणीव आहे. जुन्या जहाजांवरचे रिंकही केवळ रिंक नव्हते. बर्फावर फरशी अंथरून तिथे इतर कार्यक्रम होत असत, त्यामुळे जागा वाया जाते हा आक्षेप पूर्णपणे लागू पडत नाही. शिवाय चाकांचे स्केटिंग आणि बर्फावरचे स्केटिंग एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, विशेषतः आपल्याकडून जाणाऱ्या प्रवाशासाठी. वाशी, नेरुळ, खारघर किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या आवारात दर संध्याकाळी गुडघ्यांना पॅड बांधलेली मुले चाकांवर फिरत असतात. त्यासाठी कोणी पासपोर्ट काढत नाही. बर्फाचे रिंक मात्र दुर्मिळच राहिले. गोराईच्या मनोरंजन उद्यानात एकेकाळी ते होते, पण ते उद्यानही २०२२ मध्ये बंद झाले. ज्या गोष्टीसाठी प्रवासी जहाज निवडतो तीच काढून घेऊन घराजवळ मिळणारी गोष्ट देणे, हा सौदा सिंगापूरहून निघणाऱ्या आशियाई प्रवाशासाठी तरी चांगला नव्हता, असे म्हणावे लागते.

कंपनीने बर्फाला कायमचा निरोप दिला असे मात्र घडले नाही. ‘क्वांटम’च्या वर्गात २०१५, २०१६, २०१९ आणि २०२१ मध्ये आलेली जहाजे रिंकविना राहिली, तर त्याच काळात, २०१६ आणि २०१८ मध्ये, अतिप्रचंड वर्गातील नवी जहाजे रिंकसह उतरली, त्यांपैकी २०१८ च्या जहाजावरील कार्यक्रमात स्केटरांच्या डोक्यावरून ड्रोनही उडवण्यात आले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर तर बर्फासाठी चहूबाजूंनी प्रेक्षक बसतील असे नवे प्रेक्षागृह बांधले गेले. हे जहाज आणि २०२५ मध्ये आलेले त्याचे भावंड ‘स्टार ऑफ द सीज’ फ्लोरिडातून कॅरिबियनच्या फेऱ्या करते.

मुंबई बंदरातून २०२१ पासून फिरणारे ‘एम्प्रेस’ हे जहाजही मूळचे याच परदेशी कंपनीचे आहे. ते १९९० मध्ये बांधलेले, सुमारे ४८ हजार ग्रॉस टनांचे, म्हणजे बर्फ आणणाऱ्या पहिल्या जहाजाच्या जवळपास एक-तृतीयांश आहे, आणि त्यावर रिंक कधीच नव्हते. त्यामुळे बर्फावर उतरायचेच असेल, तर ठाण्या-नवी मुंबईच्या प्रवाशाला अजूनही आधी विमान गाठावे लागते, आणि आरक्षण करताना कंपनीच्या नावाइतकेच जहाज कोणत्या वर्गातले आहे हेही विचारून घ्यावे लागते.