ती गच्ची दूतावासाची नव्हती

इवल्याशा छतावर टेकलेलं हेलिकॉप्टर, खाली शिडीवर माणसांची रांग. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तर व्हिएतनामच्या हाती पडतानाचा हा फोटो ‘अमेरिकन दूतावासावरून उडालेलं शेवटचं हेलिकॉप्टर’ म्हणून वर्षानुवर्षं फिरतोय.

ती इमारत दूतावासाची नाही. 22, जिया लाँग रस्त्यावरची फ्लॅटची आहे. फोटो मोठा करून बघा: हेलिकॉप्टर लिफ्टच्या खोलीच्या माथ्यावर उभं आहे. दूतावासाच्या गच्चीवर चांगला ऐसपैस हेलिपॅड होता.

‘शेवटचं’ही नाही. फोटो 29 एप्रिल 1975 चा. दूतावासावरचं शेवटचं उड्डाण 30 तारखेच्या सकाळी झालं, आणि त्यात दूतावासाच्या रक्षणाला असलेले अमेरिकन मरीन सैनिक होते. शिडीवरचे बहुतेक लोक व्हिएतनामी दिसतात.

फोटोग्राफरने फोटोखालची ओळ बरोबरच लिहिली होती, पुढे संपादकांच्या हातून ती बदलली. पेपरातच चुकीचं छापून आलं, तिथे वाचकाने काय करावं!

या फोटोमुळे अमेरिकन फौज शेवटपर्यंत लढत होती असंही वाटतं. प्रत्यक्षात ती मार्च 1973 मध्येच परतली होती. नंतरची दोन वर्षं दक्षिण व्हिएतनामचं सैन्य अमेरिकेच्या आटत चाललेल्या मदतीवर लढलं.

दूतावासाची इमारत 1998 मध्ये पाडली. फ्लॅटची अजून उभी आहे. शहराचं आणि रस्त्याचं नाव आता बदललंय; नकाशावर ‘22 ली तू ट्राँग, हो ची मिन्ह सिटी’ शोधा.