घरगुती विमान सिम्युलेटर कॉकपिट

संगणकावरचा उड्डाण सिम्युलेटर खऱ्या विमानासारखा हाताळता यावा म्हणून घरीच उभारलेली वैमानिकाची बैठक, नियंत्रणे आणि उपकरणफलक. टेबलाला क्लॅम्पने अडकवलेल्या एका योकपासून (विमानाच्या सुकाणूसारख्या हँडलपासून) बोइंग ७३७ च्या पूर्ण मापाच्या कॉकपिटपर्यंत तिचा आवाका कितीही असू शकतो. वैमानिक परवान्यासाठी लागणारे तास इथे भरता येत नाहीत, कारण त्यासाठी विमान वाहतूक नियामकाने मान्य केलेलेच उपकरण लागते. चेकलिस्ट, रेडिओ नेव्हिगेशन आणि उपकरणांवर ठरावीक क्रमाने नजर फिरवण्याची सवय यांचा सराव मात्र इथे उत्तम होतो.

जमिनीवर बसून उडायला शिकवणारे पहिले यशस्वी यंत्र एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे बनवले. वडिलांच्या ऑर्गन-पियानो कारखान्यातले हवेचे भाते त्यांनी या ‘लिंक ट्रेनर’मध्ये वापरले. घरगुती संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आले. आज त्याच्या जोडीला एक्स-प्लेन आणि मुक्तस्रोत फ्लाइटगिअर हे पर्याय आहेत.

विमान, बैठक आणि पडदा

पहिल्या कॉकपिटसाठी सेसना १७२ निवडणे शहाणपणाचे. एकच इंजिन, सहा मुख्य डायल, ओढ-ढकल करण्याचे थ्रॉटल (इंजिनची ताकद) आणि मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण), पंखांवरच्या फ्लॅपचा चार स्थितींचा दांडा आणि जेमतेम १ मीटर रुंदीची केबिन एवढाच पसारा. ७३७ चे नुसते डोक्यावरचे पॅनेल घेतले तरी शंभरावर स्विच आणि दिवे लागतात, आणि बरेच प्रकल्प तिथेच धूळ खात पडतात.

कामाला सुरुवात खुर्चीपासून करावी. सरकपट्टीसकट मोटारीची जुनी सीट सर्वांत सोयीची. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात ती मिळते. सीटवर बसून डोळ्यांची उंची मोजावी आणि पडद्याचा मध्य त्या रेषेत आणावा. ३२ इंची रुंद पडदा सुमारे ७१ सेंमी रुंद असतो. तो डोळ्यांपासून ७० सेंमीवर ठेवला तर आडवे दृश्य सुमारे ५४ अंशांचे मिळते. सॉफ्टवेअरमध्येही तोच कोन भरावा. त्याहून मोठा भरला तर धावपट्टी असते त्यापेक्षा लांब दिसते आणि फ्लेअरची, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याची, वेळ चुकते. प्लायवूड कापण्याआधी सगळा फलक पुठ्ठ्याचा करून पाहावा. योक पूर्ण मागे ओढल्यावर गुडघ्याला लागतो की नाही, हे पुठ्ठ्यावरच कळलेले बरे.

योक आणि पेडल

इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा यांत्रिक भागच जास्त छळतो. योकच्या दोन हालचाली, फिरणे आणि सरकणे, वेगळ्या ठेवाव्यात. २० मिमी शाफ्ट ६००४ क्रमांकाच्या दोन बेअरिंगमध्ये बसवावा, दोन्हींत निदान १२ सेंमी अंतर असावे आणि ही जोडी एका पाटीवर घट्ट करावी. बेअरिंग जवळजवळ बसवली की योकचे टोक लटपटते. पाटी ड्रॉवरच्या दोन १० इंची टेलिस्कोपिक चॅनलवर पुढेमागे सरकते. १२ ते १५ सेंमी सरक पुरते. चॅनल एकमेकींना समांतर नसतील तर पाटी मध्येच अडकते. म्हणून एका बाजूच्या स्क्रूची भोके लांबट ठेवावीत, पाटी पूर्ण पुढे-मागे नेऊन पाहावी आणि मगच स्क्रू आवळावेत.

मध्यावर परत आणण्यासाठी दोन बाजूंना दोन ताण-स्प्रिंग लावतात. मध्यावरही दोन्ही स्प्रिंग ताणलेल्याच राहिल्या पाहिजेत. एक जरी सैल पडली तरी मध्यावर मेलेली जागा तयार होते. कात्रीसारख्या दोन दांड्यांची रचना अचूक मध्य देते, पण मध्य ओलांडताना हाताला पायरी लागते. लँडिंगच्या वेळच्या बारीक दुरुस्त्यांना ती पायरी घातक ठरते. स्प्रिंगच्या योकला एक मर्यादा उरतेच. खऱ्या विमानात ट्रिम (योकवर सतत द्यावा लागणारा जोर काढून टाकणारी रचना) फिरवली की योकची विश्रांतीची जागाच बदलते. इथे ती जागा पक्की असल्याने ट्रिम फिरवत फिरवत हात हळूहळू मध्याकडे सोडावा लागतो. ट्रिमच्या चाकाला दहा फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारा घटक) लावावा.

रडरची (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूची) दोन पेडल मधल्या डोलत्या आडव्या दांड्याने जोडावीत, म्हणजे एक पुढे गेले की दुसरे मागे येते. पंजाने दाबायच्या ब्रेकना दोन स्वतंत्र सेन्सर लागतात. फरशीवर पेडलची चौकट दाबागणिक पुढे सरकते. रबर चिकटवून भागत नाही, ती पट्टीने सीटच्या चौकटीला बोल्ट करावी.

सेन्सर

साधा पोटेन्शिओमीटर १० किलोओहमचा आणि लिनिअर घ्यावा. आवाजाच्या बटणासाठीचा लॉगॅरिदमिक घेतला तर अर्ध्या थ्रॉटलवर इंजिन भलत्याच वेगात जाते. दुसरी चूक जास्त सर्रास होते. पोटेन्शिओमीटर ३०० अंश फिरतो आणि दांडा फिरतो जेमतेम ६० अंश. ऑर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो या छोट्या नियंत्रक बोर्डांच्या १०-बिट वाचनातल्या १,०२४ पायऱ्यांपैकी मग सुमारे २०५ च वापरल्या जातात आणि विमान टप्प्याटप्प्याने हलते. उपाय म्हणजे १:४ चे गिअर, किंवा सरळ चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर. त्यात घासणारा भाग नसल्याने धुळीने वाचन उड्या मारत नाही.

ए१३२४ सारखा लिनिअर हॉल सेन्सर दोन समोरासमोरच्या चुंबकांमध्ये ठेवतात. त्याचे वाचन कोनाच्या साइनप्रमाणे बदलते. ±३० अंशांपर्यंत ते जवळजवळ सरळ रेषेत राहते, पुढे चपटे होत जाते. त्यामुळे पेडलला तो चालतो, पण ±९० अंश फिरणाऱ्या योकला नाही. तिथे चुंबकाचा कोन मोजणारा १२-बिटचा एएस५६०० लावावा. त्याला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली चकती लागते. बाजारात सहज मिळणारी चकती जाडीच्या दिशेने चुंबकित असते आणि तिच्यावर वाचन जागचे हलत नाही. बोर्डाशी बोलण्याच्या आय-टू-सी तारांवर या चिपचा पत्ता ठरलेला असतो, म्हणून दोन लावायच्या असल्या तर मल्टिप्लेक्सर (दोन्हींशी आळीपाळीने जोडणारी चिप) घालावा किंवा तिचे ॲनालॉग आउटपुट वापरावे. जवळपास लोखंडी स्क्रू नकोत. पितळी किंवा नायलॉनचे लावावेत.

स्विच, डायल आणि वीजपुरवठा

बरेच स्विच असले की ते मॅट्रिक्समध्ये (आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत) जोडतात. प्रत्येक स्विचला १एन४१४८ डायोड लागतोच. तो वगळला तर तीन स्विच एकदम चालू असताना चौथाही चालू असल्याचा भास होतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘उलटव’ ही आज्ञा न देता ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन वेगळ्या आज्ञा द्याव्यात, नाहीतर सिम्युलेटर सुरू होताना हाताखालचा स्विच चालू आणि पडद्यावरचा बंद अशी उलटापालट कायम राहते. रेडिओच्या एन्कोडरला (टिचक्या देत फिरणाऱ्या बटणाला) एका टिचकीला दोन पावले पडत असतील, किंवा दोन टिचक्यांना एक, तर एन्कोडर ठीक आहे. सेटिंगमध्ये त्याचा प्रकार चुकीचा निवडला आहे.

डायलचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे २१.५ इंची मॉनिटरसमोर सुमारे ७९ मिमी व्यासाची सहा भोके पाडलेला ॲक्रिलिकचा फलक. खरे काटे हवेत तर एक्स२७ जातीची स्टेपर (पावलापावलाने फिरणारी) मोटर वेगमापक आणि इंधनमापकाला योग्य. ती ३१५ अंशच फिरते, म्हणून उंचीमापकाला चालत नाही. तिथे २८बीवायजे-४८ वापरतात. बहुतेकांच्या मते ही मोटर एका फेरीला २,०४८ पावले घेते. गिअरचे खरे गुणोत्तर पाहता ती सुमारे २,०३८ होतात. काट्याची एक फेरी म्हणजे १,००० फूट, तेव्हा १०,००० फूट चढेपर्यंत काटा सुमारे ५० फूट पुढे गेलेला असतो. खरा आकडा भरावा आणि शून्याच्या जागी सेन्सर ठेवावा.

या मोटरी यूएसबीवर चालवू नयेत. यूएसबी २.० च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे आणि दोन-तीन मोटरींतच ती संपते. वेगळा ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा पुरवठा घ्यावा आणि त्याची ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडावी. सेन्सरची ग्राउंड वायर मात्र मोटरींच्या वायरमधून आणू नये. काटे हलताच एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा पंखावरचा पट्टा) थरथरत असेल तर दोष जवळजवळ नेहमी इथेच सापडतो.

संगणकाशी जोडणी

लिओनार्डो आणि प्रो मायक्रो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतात. ऊनो आर३ मूळ रूपात दिसत नाही. सिम्युलेटरकडून काटे-दिव्यांकडे माहिती आणायला मोबिफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर आणि ऑर्डुइनो मेगा ही जोडी प्रचलित आहे. एकसारखे दोन-तीन प्रो मायक्रो लावले तर सिम्युलेटर त्यांची अदलाबदल करतो आणि पेडल दाबल्यावर थ्रॉटल हलतो. प्रत्येक बोर्डाला वेगळी यूएसबी ओळख द्यावी. उड्डाणाच्या मध्येच नियंत्रणे गप्प होत असतील तर वायरी उचकटण्यापूर्वी विंडोजमधली यूएसबीची वीजबचत बंद करून पाहावी.