नेता, आयुक्त आणि टीव्हीवरचं प्रहसन : पार्श्वभूमी

पांढरे कपडे, गॉगल, मागे दोन पोरं. टीव्हीवरच्या मराठी प्रहसनात एवढं दिसलं की नगरसेवक आला हे कळतं. अधिकारी आलाच तर ‘हो साहेब’ म्हणण्यापुरता. मूळ प्रकार उलटा होता.

ब्रिटनमध्ये मंत्री आणि सचिवावरची ‘येस मिनिस्टर’ ही विनोदी मालिका 1980 ते 1984 आणि ‘येस प्राइम मिनिस्टर’ 1986 ते 1988 या काळात दाखवली गेली. पहिला भाग आधीच तयार होता, पण 1979 च्या निवडणुकीवर परिणाम नको म्हणून थांबवून ठेवला. मंत्र्याचा पक्ष शेवटपर्यंत सांगितलेला नाही. मंत्री चार दिवसांचा, सचिव कायमचा. सचिव नाही म्हणत नाही, समिती नेमायला सुचवतो. भारतात दूरदर्शनवर 1988 मध्ये ‘कक्काजी कहिन’ आली. तिचा रोख पुढाऱ्यावर. 2001 मध्ये ‘येस मिनिस्टर’वरून ‘जी मंत्रीजी’ बेतली गेली. सचिवालयाची घडीच इंग्रजांनी घातलेली, त्यामुळे सचिवाचं पात्र इथे सहज बसलं.

ठाणे-नवी मुंबईच्या महापालिकांत मात्र तो साचा निम्माच लागू पडतो. मंत्र्याची निदान सही तरी चालते. इथे कायद्यानेच कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमणार राज्य शासन. महापौर सभा चालवतो, फिती कापतो. गटाराच्या झाकणासाठी नगरसेवकालाही पत्र घेऊन अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर थांबावं लागतं. प्रहसनवाल्यांनी हे कधी मनावर घेतलं नाही.

याचा कळस ऑक्टोबर 2016 मध्ये नवी मुंबईत झाला. अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालवणाऱ्या आयुक्तांविरुद्ध अविश्वास ठराव आला. एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश मतं पडली तर आयुक्ताला परत बोलवायचं, अशी कायद्यात तरतूद आहे. सभागृह 111 जणांचं, ठरावाच्या विरोधात मतं पडली अवघी 6. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे त्या दिवशी एका बाजूला बसले. बाहेर आयुक्तांच्या बाजूने नागरिक रस्त्यावर उतरले होते. शासनाने ठराव स्थगित केला आणि आयुक्त राहिले. मार्च 2017 मध्ये त्यांची बदली झाली, तीही शासनाच्याच आदेशाने.

बातम्यांत हे ‘प्रामाणिक अधिकारी विरुद्ध भ्रष्ट नगरसेवक’ असं रंगलं. नगरसेवकांची तक्रार होती की आयुक्त लोकप्रतिनिधींना जुमानत नाहीत, मनमानी करतात. ती हसण्यावारी गेली, आणि त्यातल्या काहींची प्रतिमा पाहता ते साहजिकही होतं. पण निवडून आलेल्यांनी कायद्यातला सगळ्यात मोठा अधिकार वापरला आणि मंत्रालयातून तो एका आदेशात गुंडाळला गेला, ही त्यातली खरी मालिकेजोगी गोष्ट. टीव्हीवर ती आली नाही. चर्चा मात्र रोज रात्री झाल्या.

पुढे दोनातलं एक पात्रच गळालं. नवी मुंबईतल्या नगरसेवकांची मुदत मे 2020 मध्ये संपली, ठाण्यातली मार्च 2022 मध्ये. निवडणुका लांबत गेल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि स्थायी समिती व महासभेच्या वतीने आपणच तो मंजूर करायचा! विरोध नाही, तहकुबी नाही, सभात्याग नाही. जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत दोन्ही शहरांचं अंदाजपत्रक असंच मंजूर होत राहिलं. प्रहसनांत त्या सगळ्या काळात गॉगलवाला नगरसेवकच होता.