‘अमेरिकन केशर’ आणि शाळवाच्या कडेची करडई

‘अमेरिकन केशर’ लावून फसलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या गेली काही वर्षे अधूनमधून येतात. साताऱ्यातल्या माण-खटावकडच्या जुन्या माणसाला त्यातला फुलाचा फोटो दाखवला तर तो हसतो. ही करडई. काटे नाहीत, एवढाच फरक.

घोळ नावाचा आहे. खरे केशर कंदापासून लावतात. त्याचे झाड फुलते, पण बी धरतच नाही. म्हणजे ‘केशराचे बी’ नावाची वस्तू जगात नाही. कुणी ते किलोवर विकायला आला की त्याला दारातूनच वाटेला लावावे. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फूल येते. पहाटे खुडतात आणि घरी बसून एकेका फुलातले तीन लाल तंतू बोटांनी वेगळे करतात. किलोभर सुक्या केशराला दीड लाखाच्या आसपास फुले लागतात. भाव त्याचा आहे. करडईच्या एका बोंडावर बारीक नळीसारख्या पाकळ्यांचा झुबकाच असतो. वाळला की नारिंगी-लाल होतो आणि डबीत लांबून केशरच वाटतो. पाण्यात टाकला की मात्र लगेच रंग सोडतो. केशर वेळ घेते, पाणी पिवळे करते आणि स्वतः लालच राहते. केशराच्या तंतूचे एक टोक तुतारीसारखे उघडलेले असते. या साम्यावर चालणारी भेसळ फार जुनी. ‘अमेरिकन’ हे बिरुद तेवढे नवे.

संस्कृतातले कुसुंभ म्हणजे हीच करडई. कुसुंबी रंग त्यावरून. पाकळ्या धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, खाराच्या पाण्यात लाल उतरवायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा. एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग आले आणि हा उद्योग बसला. उरले तेल, आणि कोवळ्या पाल्याची भाजी.

साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात करडई मुख्य पीक म्हणून कमी, शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडेने जास्त असायची. तीन-चार ओळी काटेरी कुंपण म्हणून पुरत. जनावर तोंड घालत नसे. काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असेतोवर. हाताला फडकी, पायाला गोणपाट. ऊन चढले की बोंडाला हात लावायची सोय नाही. पुढे स्वस्त पामतेल आले, घाणे थंडावले आणि काट्यात हात घालायला मजूर मिळेना.

यावर फलटणमध्ये उत्तर शोधले गेले. तिथल्या संशोधकांनी तयार केलेले बिनकाट्यांचे वाण २००१ च्या सुमारास आले. काटे गेल्यामुळे पाकळ्या हाताने खुडता येऊ लागल्या, आणि फूल कोमेजायला लागल्यावर खुडले तर बियांचे उत्पन्नही घटत नाही. पाकळ्यांचा चहाही तिथेच निघाला, करडईच्याच नावाने. त्याची चर्चा किती झाली? ‘अमेरिकन केशरा’च्या निम्मीही नाही.

कडेची काटेरी करडई अजून कुठे कुठे दिसते. तिच्या पाकळ्या कुणी खुडत नाही. पाला मात्र थंडीत आठवडी बाजारात जुड्या बांधून येतो आणि दुपारच्या आत संपतो.