फ्लोरोकार्बन पाण्यात गायब होत नाही

अमेरिकेत लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गरवणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं मुरलाय: फ्लोरोकार्बन या प्लास्टिकची गळाची दोरी माशाला दिसतच नाही. याच बोलीवर महागडं रीळ गळ्यात मारलं जातं.

पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचा आकडा) १.३३, फ्लोरोकार्बनचा साधारण १.४२ आणि नायलॉनचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या तंगुसाचा, १.५३च्या आसपास. आकडा पाण्याच्या जितका जवळ, तितकी दोरी कमी उठून दिसते. कमी दिसते, पण दिसते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन्हींचे तुकडे सोडा, उजेडाला धरा. फ्लोरोकार्बनचीही कड चमकेल. गढूळ तलावात तर या फरकाला फारसा अर्थच नाही.

'ती ताणत नाही' हीही थापच. जोर लागला की चांगली ताणते. ताण नकोच असेल तर बारीक धाग्यांची विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड (braid), घ्या.

मग फ्लोरोकार्बन कशाला? मला विचाराल तर तिच्या वजनासाठी. घनता पाण्याच्या सुमारे १.७८ पट, नायलॉनची १.१४ पट. त्यामुळे ती लवकर बुडते आणि तळाशी सरकणाऱ्या जिगला, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळाच्या आमिषाला, शोभते. शिवाय पाणी पीत नाही, त्यामुळे भिजून कमजोर होत नाही. पण पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला हीच बांधलीत, तर बुडणारी दोरी आमिषाचं नाक खाली खेचते. तिथे नायलॉनच बरं.

आणि गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तिथेच तुटते.