मांजराची उलटी

पाळीव मांजरांत वारंवार दिसणारे लक्षण. हा स्वतंत्र रोग नव्हे. घाईने खाण्यापासून मूत्रपिंडाच्या विकारापर्यंत अनेक कारणांनी उलटी होते. तिच्या संख्येइतकेच दोन उलट्यांच्या मधल्या वेळात मांजर कसे वागते, हेही महत्त्वाचे असते.

खऱ्या उलटीआधी मांजर ओठ चाटते, लाळ गाळते आणि पोट आत ओढून जोराने ओकते. अन्न न पचता विनासायास बाहेर पडले, तर कारण अन्ननलिकेत किंवा भराभर खाण्यात असू शकते. मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून येणारी उबळ बऱ्याचदा दम्याच्या खोकल्याची असते. घरचे मात्र केस अडकले असे समजतात. अशा वेळी मोबाईलवर केलेले चित्रण पशुवैद्याच्या फार उपयोगी पडते.

जिभेवरच्या काट्यांमुळे अंग चाटताना केस पोटात जातात, त्यामुळे अधूनमधून केसांचा गोळा पडणे स्वाभाविक आहे. दर आठवड्याला उलटी होऊ लागली, तर ‘मांजरं ओकतातच’ म्हणून सोडून देऊ नये. उतारवयात यामागे मूत्रपिंडाचा जुना आजार, वाढलेले थायरॉईड किंवा आतड्याचा दाह निघतो. वजन हळूहळू उतरते आणि दाट केसांत ते लपून राहते.

एकदा ओकून मांजर पुन्हा खात-खेळत असेल, तर घरी लक्ष ठेवणे पुरते. पाणीही टिकत नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट ऐवज असेल, हिरड्या फिक्या पडल्या असतील किंवा मांजर कोपऱ्यात निपचित पडले असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उपवास मांजराला मानवत नाही. दोन-तीन दिवस अन्न न घेतल्यास, विशेषतः लठ्ठ मांजरात, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकते. लहान पिल्लांबाबत तर एवढेही थांबू नये. लस न दिलेल्या पिल्लाला उलटी, जुलाब आणि ताप आल्यास पॅनल्यूकोपेनिया या विषाणुजन्य रोगाची शंका घेतात. तो झपाट्याने जीव घेतो.

शिवणाचा दोरा, मांजा, गजऱ्याचा धागा यांचे मांजराला भारी वेड. गिळलेल्या दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकते, दुसरे आतड्यात जाते आणि आतडे चुणीसारखे गोळा होऊन कापले जाते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा दिसला, तरी तो ओढू नये. बोका ओकतो आहे आणि लघवीसाठी नुसताच कुंथतो आहे, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा धोका असल्याने मध्यरात्रही असली तरी सकाळची वाट पाहू नये.

पुष्पगुच्छातल्या लिलीचे पान, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मूत्रपिंडे निकामी करते. पहिली उलटी काही तासांत होते, मग मांजर सावरल्यासारखे वाटते आणि तिथेच फसगत होते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते, कारण त्याचे यकृत हे औषध नीट निकामी करू शकत नाही. विषबाधेच्या संशयाने मिठाचे पाणी पाजून मांजराला ओकवू नये. गोळीचे पाकीट, उंदराच्या औषधाचा पुडा किंवा खाल्लेल्या झाडाची फांदी सोबत न्यावी.